पडद्यावरचे पाच गोंडे

चौसाळ्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात देशमुखांच्या घरी सदर आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीत एक रुंद खिडकी होती. खिडकीला पडदा होता. घरात गोषा पाळला जाई, त्यामुळे सदरेवर बैठक भरली की बायका खिडकीच्या आतल्या अंगाला बसून बोलणे ऐकत. त्यांचा आवाज मात्र पलीकडे जात नसे. तो गेलेला कोणी ऐकलेलाही नव्हता.

पडदा जाड सुताचा, पांढरा. त्याच्या खालच्या काठाला वीत-वीत अंतरावर पितळेच्या पाच कड्या शिवलेल्या होत्या आणि प्रत्येक कडीत तांबड्या लोकरीचा एक गोंडा अडकवलेला असे. गोंड्याच्या पोटात सुपारीएवढा लाकडी गोळा होता. त्याच्या वजनाने पडदा वाऱ्याने उडत नसे. वरचा फासा कडीतून ओवून एका बारीक लाकडी खुंटीवर अडकवला की झाले; काढायलाही तेवढाच वेळ लागे. ही सोय करण्याचे कारण साधे होते. दर दोन महिन्यांनी पडदा रिठ्याच्या पाण्यात धुवायचा, आणि लोकरीचा रंग पांढऱ्या सुतावर उतरू द्यायचा नाही.

पण सोय एका कामासाठी केली की माणसे तिच्याकडून दुसरेही काम करून घेतात. वच्छलाबाई या घरच्या सूनबाई; त्यांच्या सासूबाई, सुंदरबाई, यांनी ते करून घेतले होते. बैठकीत एखादी गोष्ट त्यांच्या मनाविरुद्ध ठरू लागली की त्या एक गोंडा काढत, सुपारीच्या तबकात ठेवत आणि मोलकरणीच्या हाती बाहेर पाठवत. तबक समोर आले की मामंजी म्हणत, "बरं, उद्या बघू," आणि बैठक उठे. मग रात्रीच्या जेवणाच्या वेळी बोलणे होई. सुंदरबाईंनी आयुष्यात हे तीनदाच केले. भाऊबंदांशी दावा लावायला बीडच्या कचेरीत जाण्याचा बेत त्यांनी असाच थांबवला, तेव्हा नवी सून असलेल्या वच्छलाबाई शेजारी बसल्या होत्या. या रिवाजाला नाव नव्हते, आणि त्याबद्दल कोणी बोलतही नसे.

मामंजी गेले. मागच्या माघात सुंदरबाईही गेल्या. गोंडे वच्छलाबाईंकडे आले. या घरात आल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांनी ते फक्त धुण्यासाठी काढले होते. धाक एकच होता. सासूबाईंचा गोंडा मानला गेला, म्हणून त्याला अर्थ आला. आपला पाठवला आणि यजमानांनी तो बाजूला सारला, तर त्या क्षणापासून ती नुसती लोकर होईल. आपल्यापुरतीच नव्हे, पुढे या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेपुरती.

दसऱ्याच्या आधी वच्छलाबाईंचे यजमान मोहनराव हैदराबादेला गेले होते. येताना त्यांनी खिडकीसाठी नवा पडदा आणला: गर्द हिरवी मखमल, तिला जरीचे पाच गोंडे, वर काचेच्या मण्यांची जाळी. वस्तू देखणी होती यात शंका नाही. वच्छलाबाईंनी काठ उलटून पाहिला. गोंडे मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने मखमलीला पक्के शिवलेले होते.

"हे निघत न्हाईत का?" त्यांनी विचारले.

मोहनराव हसले. मखमल कुठे कोणी धुते काय, मग गोंडे काढायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. गोंडे का काढायचे ते सांगायचे तर वच्छलाबाईंना ज्याबद्दल कधी बोलायचे नाही ते बोलावे लागले असते. यजमानांना रिवाज ठाऊक आहे आणि म्हणूनच त्यांनी शिवलेले गोंडे आणले, की ते खरेच फक्त शोभेसाठी आणले, हेही त्यांना कळेना. जुना पडदा घडी करून पेटीत गेला.

चार दिवसांनी भामाबाई धनगरीण आली. दरसाल दिवाळीआधी लोकरीचे नवे पाच गोंडे करून आणण्याचे काम तिच्याकडे होते. तिने अंगणात फडके पसरून गोंडे मांडले, मग मागच्या दाराने येऊन खिडकीचा नवा पडदा पाहिला. जरीचा गोंडा चिमटीत धरून तिने हलकेच ओढला.

"ह्यो लई झ्याक हाय, बाईसाहेब. पन काडायचा कसा?"

"काढायचा न्हाईच तो."

भामाबाईने गोंडा सोडून दिला. "बैलाचा साज बी पोळ्याच्या दुसऱ्या दिशी उतरतोय. ज्यो उतरत न्हाई त्याला आमच्यात साज म्हनत न्हाईत. दावं म्हनतेत."

मग बसून तिने दुसरी गोष्ट सांगितली. माळावर दोन माणसे साखळी घेऊन फिरत होती. त्यांनी बारवेपासून ओढ्यापर्यंत मोजणी केली आणि चुन्याच्या खुणा मारल्या. ती जमीन देशमुखांच्या इनामाची, परंतु मामंजींच्या वेळेपासून चराईला मोकळी सोडलेली. धनगरांची मेंढरे बारवेच्या हौदावर पाणी पीत. ते पाणी गेले तर आपला नवरा सटवा मेंढरे घेऊन बालाघाटाच्या डोंगरात जाईल आणि परतायचे काही कारण उरणार नाही, हे भामाबाईने कोणाची तक्रार करावी तसे सांगितले नाही; यंदा पाऊस कमी झाला, असे सांगावे तसे सांगितले. तिने काही मागितलेही नाही. नवे गोंडे ठेवून घ्या, पुढच्या साली कोण देणार, एवढेच म्हणून ती गेली.

मोजणी कोणासाठी झाली ते सोमवारी कळले. जालन्याचे बद्रीनाथ शेठ सदरेवर आले. या भागातला कापूस गाड्यांनी जालन्याला नेण्यापेक्षा सरकी काढण्याचा कारखाना इथेच उभारावा, असा त्यांचा विचार होता. बेत वाईट नव्हता. यंत्र वाफेवर चालणार, वाफेला रोज पाणी लागणार, म्हणून बारव हवी. आणि कारखान्याच्या आवारात जनावरे नकोत, म्हणून भोवती कुंपण हवे. मुंशी रामहरीने तीस वर्षांच्या पट्ट्याचा कागद लिहून आणला होता. मोहनरावांचे चुलते अर्जुनराव तक्क्याला टेकून बसले होते.

वच्छलाबाई आतून ऐकत होत्या. धनगरांचे नाव कोणी घेतील म्हणून त्यांनी वाट पाहिली. कागद वाचून झाला. कुंपणाची लांबी ठरली, वाफेच्या भांड्याची जागा ठरली, चहा आला. धनगरांचे नाव निघाले नाही. रामहरीने दौत पुढे सरकवली.

भामाबाईचा सुटा गोंडा पाठवून भागणार नव्हते; तो पडद्यावरूनच निघायला हवा होता. वच्छलाबाईंनी डावीकडचा गोंडा धरून ओढला. तो येईना. पुन्हा ओढला, वरची दांडी करकरली आणि सदरेवरच्या कोणीतरी मान वळवली. छबुबाई मोलकरीण शेजारी बसली होती. वच्छलाबाईंनी तिला खुणेने कातर आणायला सांगितली. मेणाचा दोरा पात्यांतून निसटत होता, म्हणून त्यांनी दोऱ्यासकट मखमल कापली. गोंडा हातात आला. पडद्याला बोराएवढे भोक पडले आणि त्यातून सदरेवरच्या उजेडाची एक तिरीप त्यांच्या मनगटावर पडली.

तबक बाहेर गेले.

अर्जुनरावांनी ते पाहिले आणि ते सावरून बसले. बद्रीनाथ शेठांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते म्हणाले, "देशमुखसाहेब, हैदराबादच्या शिंप्यानं फसवलं की तुमाला. पंधरा दिसांत पडद्याची पानगळ सुरू." रामहरी हसला.

मोहनराव हसले नाहीत. त्यांनी गोंडा उचलून उलटा केला. कापलेला दोरा आणि त्याला चिकटलेला मखमलीचा तुकडा पाहिला. मग तो तबकात ठेवून त्यांनी टाक दौतीत बुडवला.

भोकातून वच्छलाबाईंना फक्त तो हात दिसत होता. टाक दौतीतून वर आला, कागदावर थांबला. शाईचा एक थेंब जमला आणि पडला. मोहनरावांनी टाक खाली ठेवला.

आता "उद्या बघू" एवढे दोन शब्द यायला हवे होते. ते आले नाहीत. मोहनराव बसल्या जागी खिडकीकडे वळले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "कावून? का नको?"

असे कधी झाले नव्हते. रामहरीने मान खाली घातली, अर्जुनराव छताकडे पाहू लागले. छबुबाईने कान पुढे केला. उत्तर कुजबुजून तिला सांगावे, तिने ते बाहेर न्यावे, हा मार्ग मोकळा होता. वच्छलाबाईंनी तिच्याकडे पाहिले. यजमानांनी विचारले होते ते रागाने की खरेच समजून घ्यायला, हे आवाजावरून ठरत नव्हते. पण प्रश्न मोठ्याने आला होता. त्याचे उत्तर कुजबुजत पाठवले तर ते निम्मेच पोचेल, असे त्यांना वाटले.

"मामंजींनी बारवेचं पाणी धनगरांच्या मेंढरांना दिलंय," त्या म्हणाल्या. "कारखाना करू नका असं मी म्हणत न्हाई. पण दिलेलं परत घ्यायचं असलं तर ज्यांना दिलं त्यांना आधी सदरेवर बोलवा. त्यांच्या माघारी कागद करू नका."

मग अर्जुनराव छताकडे पाहतच म्हणाले, "दादानं दिलं तवा मी हजर होतो. कागद न्हवता केला. पण दिलं होतं."

बद्रीनाथ शेठ व्यवहारी माणूस होते. त्यांनी विचारले, की मग आता बोलणी करायची कोणाशी? मोहनरावांनी कागदाची घडी केली आणि रामहरीकडे दिली. सटवा धनगराला आणि त्याच्या पंचांना गुरुवारी बोलवा, शेठजी, तुम्हीही या, पाण्याचा निम्मा भाग मोकळा ठेवून कुंपण कसे घालता येईल ते माळावर जाऊनच पाहू, असे त्यांनी सांगितले. शेठांना ते फारसे रुचले नाही, परंतु गुरुवारी येतो म्हणाले.

दुपारी मोहनराव जेवायला आत आले. पाटावर बसण्याआधी ते खिडकीशी थांबले आणि पडद्याच्या भोकात त्यांनी बोट घालून पाहिले.

"आईचं ते गोंड्याचं मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण ते आईचंच हाय असं मी समजत होतो. पडदा आनला त्या दिवशी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

मोहनरावांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि ते पाटावर बसले. ताटात भाकरी आली, वर आमटी आली.

"न्हाई," ते म्हणाले, आणि जेवू लागले.