आकार केसरी

धैर्यशील सरांच्या शाळेत मुलांना आकार शिकवत नसत, आकारांची कुस्ती लावत.

शाळेचं नाव ज्ञानशिखर इंटरनॅशनल. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत ती दोन मजल्यांत भरायची. खाली लहान गट, वर मोठा गट आणि दारासमोर सरांच्याच शोरूममधल्या, अजून नंबर न पडलेल्या मोटारसायकली. सर मूळचे तालमीतले. गुडघ्यानं कुस्ती सोडायला लावली, तेव्हा त्यांनी गाड्या विकायला घेतल्या. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की हल्ली माणसं गाडी घेताना घासाघीस करतात, पण पोराच्या शाळेत तोंडातून ब्र काढत नाहीत. सरांनी महिन्याभरात शाळा काढली. शिक्षणातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं.

दर फेब्रुवारीत शाळेत 'आकार केसरी'चं मैदान व्हायचं. हॉलमध्ये लाल सतरंजी पसरायची, त्यावर समोरासमोर दोन पोरं बसवायची, दोघांपुढे लाकडी ठोकळ्यांचा एकेक ढीग आणि तीन-तीन टोपल्या. हलगी कडाडली, की गोल एका टोपलीत, त्रिकोण दुसरीत, चौकोन तिसरीत टाकत सुटायचं. जो आधी संपवेल त्याला फेटा आणि वीतभर लांबीची चांदीचा मुलामा दिलेली गदा. चार वर्षांची पोरं मांडीवर शड्डू ठोकायची आणि त्यांचे बाप सतरंजीच्या कडेला उभे राहून "टाक, टाक, टाक" असं ओरडत घसा फोडायचे.

तेजस्वी इथे लहान गटाला शिकवायला आली ती भौतिकशास्त्राची पदवी घेऊन. एम.एस्सी.ला जागा मिळेपर्यंत काहीतरी हवं होतं. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात एक गोष्ट आली. शाळेतले सगळे गोल लाल होते, सगळे त्रिकोण पिवळे आणि सगळे चौकोन निळे. टोपल्याही तशाच, लाल, पिवळी, निळी. सरांनी ठोकळे आपल्याच गॅरेजमध्ये कापून रंगवून घेतले होते. शोरूममध्ये प्रत्येक मॉडेलचा रंग ठरलेला, तसाच इथेही.

तेजस्वीनं एका दुपारी पांढऱ्या पुठ्ठ्याचे तिन्ही आकार कापले आणि सम्राटला बोलावलं. सम्राट हा शाळेचा पहिला नंबर. अख्खा ढीग तो मोठ्या माणसाला पाणी पिऊन होईपर्यंत संपवायचा. त्यानं पुठ्ठे हातात घेतले, उलटे करून पाहिले आणि तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनंच फसवलंय.

"टीचर, ह्याला रंगच न्हाय."

"रंग नको बघू. गोल कुठला सांग."

"लाल असतोय तो."

मग तिनं एकेक करून सगळ्या वर्गाला विचारलं. सगळ्यांची तीच गत. डब्याचं गोल निळं झाकण पोरं बिनदिक्कत चौकोनाच्या टोपलीत टाकत होती. फक्त शिवलीला नावाची मुलगी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन बसून राहिली. त्याची टोकं तिनं तळहातावर एकेक करून दाबली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "हे तीनदा टोचतंय."

हीच शिवलीला शाळेच्या हिशेबात सगळ्यात मठ्ठ होती. सरावाच्या प्रत्येक कुस्तीत ती शेवटी यायची, कारण हातात आलेला ठोकळा ती आधी फिरवून बघायची. सरांनी ठरवूनही टाकलं होतं, की जूनमध्ये बाकीची पोरं वरच्या मजल्यावर जातील आणि शिवलीला आणखी एक वर्ष खालीच बसेल. तिचे वडील वीरेश मूळचे कर्नाटकाच्या सीमेलगतच्या नेसरीकडचे, लक्ष्मीपुरीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते दोनदा येऊन सरांना भेटून गेले. सर दोन्ही वेळा म्हणाले, "पाया कच्चा हाय ओ पोरीचा."

तेजस्वी पुठ्ठे घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. पोरं रंग ओळखतात, आकार नाही, हे तिनं सरांना नीट समजावून सांगितलं. सर ऐकत होते, म्हणजे मोबाईल बाजूला ठेवून टेबलावर बोटं वाजवत होते.

"तेजस्वी मॅडम, पोरं ठोकळं बरोबर टोपलीत टाकतात का न्हाय?"

"टाकतात, पण..."

"मग झालं की! आता ती डोळ्यानं टाकत्यात का नाकानं, ते बघायला पालक पैसे भरत न्हाईत."

"सर, शिवलीलाला एकटीला आकार कळतात. तिलाच तुम्ही खाली ठेवताय."

सर हसले. त्यांना हसताना आपल्यातला उदारपणा दिसावासा वाटे, आणि दिसायचं ते फक्त दाढेचं सोन्याचं टोपण. "असं करू. शेवटची जोड सम्राट आणि तुमची शिवलीला. मारू दे मैदान. मारलं तर वर घालतो. माझा शब्द."

"सर, ही काय बरोबरीची जोड आहे? तालमीत तरी अशी लावतात का?"

"फोटो चांगला येतोय," सर म्हणाले.

तर असं होतं. शाळेतली सगळ्यात सावकाश पोरगी सगळ्यात वेगवान पोरापुढे बसवायची, म्हणजे पोराचा वेग कॅमेऱ्यात आणखी उठून दिसेल. वीरेशनी हे ऐकलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मॅडम, पोरगी हरली तर हरू दे. पण हॉलभर माणसांत मठ्ठ ठरली, तर शाळेत जायचंच नाव काढायची न्हाय."

मैदानाच्या आदल्या दिवशी तेजस्वी काहीतरी आणायला गॅरेजमागे गेली, तर तिथे शेवटच्या कुस्तीचा संच वाळत घातलेला. गोल, त्रिकोण, चौकोन आणि सगळ्या टोपल्या. सरांनी गाडीच्या स्प्रेनं सगळ्याला सोनेरी रंग मारून घेतला होता. नुसतं सोनं झळकत होतं. टोपल्यांवर तेवढी आकारांची काळी चित्रं चिकटवलेली.

आता रंगावरून कुणालाच काही टाकता येणार नव्हतं. तरी प्रामाणिकपणे ती सरांकडे गेली.

"सर, सगळं एका रंगाचं झालंय. पोरांना..."

"रंगातलं तुम्ही मला सांगू नका मॅडम," सर म्हणाले. "आयुष्य गेलं गाड्यांचे रंग ठरवण्यात. फायनल हाय. फायनलला सोनंच पाहिजे."

"बरं सर," ती म्हणाली आणि ते सोनं तसंच वाळू दिलं.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. भिंतीवर शाळेच्या उंचीला न शोभेल एवढा फ्लेक्स. त्यावर मधोमध हात जोडलेले धैर्यशील सर, खाली मोठ्या अक्षरांत 'सर्व कुस्त्या निकाली होतील' आणि कोपऱ्यात फेट्यातला सम्राट, 'आकार केसरी' या नावाखाली. मैदान अजून व्हायचं होतं, पण फ्लेक्सवाल्याला दोनदा कोण बोलावणार? पंच म्हणून सरांचे जुने वस्ताद पिराजी यांना आणलं होतं. ते खुर्चीत बसून, हे नक्की काय चाललंय, असं शेजाऱ्याला विचारत होते.

आधीच्या जोड्या जुन्या रंगीत ठोकळ्यांवर झाल्या. झटपट, धडाधड. बाप ओरडले, आयांनी व्हिडिओ काढले, हरलेली पोरं रडली, आणि रडणाऱ्यांना घरच्यांनी तिथल्या तिथं ऐकवलं, की तुझ्यापेक्षा अमक्याचा पोरगा बरा.

मग सोनेरी संच आला. लोकांनी "नाद खुळा!" म्हणून शिट्ट्या मारल्या. सम्राट शड्डू ठोकून बसला. समोर शिवलीला, फ्रॉकचं टोक चावत. वीरेश सतरंजीच्या कडेला उकिडवे बसले. लेकीला ते लाडानं कानडीत अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. "हळूच बघ अव्वा," ते म्हणाले. "घाई करू नको."

हलगी कडाडली.

सम्राटनं पहिला ठोकळा उचलला. बघितला. दुसरा उचलला. तोही सोन्याचा. त्यानं मान वर करून आधी बापाकडे, मग सरांकडे पाहिलं. कडेनं ओरडा सुरू झाला, "टाक, टाक!" पोरगं शेवटी शहाणं. सोन्याचे ठोकळे, सोन्याची टोपली! त्यानं दोन्ही हातांनी ढीगच्या ढीग उचलून पहिल्या टोपलीत ओतला आणि उभं राहून दंड दाखवले. हॉल दणाणला. सर माईककडे धावले.

"ओ सर," वीरेश ओरडले, "टोपलीत तर बघा की!"

पिराजी वस्तादांनी टोपली पालथी केली. गोलावर त्रिकोण, त्रिकोणावर चौकोन.

"हे काय खिचडी हाय?" वस्ताद म्हणाले.

सम्राटचे वडील पृथ्वीराज पुढे झाले. "खिचडी कशी? सगळं टोपलीत हाय न्हवं? एक तरी ठोकळा भाईर पडलाय का?"

"तुमच्या गाडीचं चाक काढून सीटवर ठेवतो," मागून कुणीतरी म्हणालं. "सगळं गाडीतच हाय न्हवं?"

हशा पिकला. सरांच्या कपाळाला घाम आला. त्यांनी माईक तोंडाशी धरला. "पालक हो, दोन्ही पैलवान तुल्यबळ आहेत. वेळेअभावी कुस्ती बरोबरीत सोडवण्यात..."

"बरोबरीत?" वस्ताद खुर्चीतून उठले. हा एवढा एक शब्द त्यांना त्या सगळ्या सोहळ्यात नीट कळला होता. "धैर्यशील, भिंतीवर काय लिवलंयस? वाच."

सरांनी वळून फ्लेक्सकडे पाहिलं.

"निकाली म्हंजे निकाली. तुझं ते गोल-बिल मला कळत न्हाय. पण लावलेली निकाली कुस्ती मी बरोबरीत सुटू देणार न्हाय. पोराचा ढीग परत लाव, आणि ती पोरगी बसलीया तिला बसू दे."

आणि मग कोल्हापुरात जे होतं तेच झालं. शिक्षणाबद्दल एक अवाक्षर न काढणारे तेच पालक कुस्तीच्या कायद्यावर मात्र पेटून उठले. "व्हय, निकालीच!" "बोर्ड लावताना कळत न्हवतं व्हय?" "कुणी उठवायचं न्हाय पोरांना!" सरांनी माईक खाली ठेवला.

ह्या सगळ्या गोंधळात शिवलीला पाचव्या ठोकळ्यावर होती.

सम्राटनं पुन्हा सुरू केलं. आधी लहान एकीकडे, मोठे एकीकडे असं करून पाहिलं. मग जास्त चकाकणारे वेगळे काढले. पृथ्वीराज "गोल बघ, गोल!" म्हणून ओरडले, तर पोरगं म्हणालं, "पप्पा, लाल न्हाईच की ह्यात!" आणि भोकाड पसरलं.  तेजस्वीनं पालकांचे चेहरे नीट पाहिले. कित्येकांना आत्ता कुठे समजत होतं, की घरी पाहुण्यांसमोर पोरगं जे फटाफट दाखवतं, ते नक्की काय आहे. सम्राटची मात्र तिला दया आली. त्यानं शिकवलेलं सगळं चोख केलं होतं.

शिवलीला ठोकळा घ्यायची, बोटानं कड चाचपायची, टोकं तळहाताला लावायची आणि मगच टोपलीकडे वळायची. हलगीवाल्याची पंचाईत झाली. पळणाऱ्या पोरासाठी त्याच्याकडे ताल होता, विचार करणाऱ्या पोरीसाठी नव्हता. थोडा वेळ त्यानं उगाच टिचक्या मारल्या आणि मग हलगी काखेला मारून तोही बघत बसला. बाहेर पालकांसाठी केलेला कटवड्याचा रस्सा गार होत होता. लोक चुळबुळले, पण निकाली म्हणून स्वतःच ओरडले होते, आता जाणार कुठे?

एक लांबुडका, अरुंद त्रिकोण तिच्या हाती आला. पुस्तकातल्या त्रिकोणासारखा तो अजिबात नव्हता. तिनं तो चौकोनांत टाकला. तेजस्वीनं ओठ आवळले. वीरेशनी डोळे मिटले. शिवलीला पुढचा ठोकळा घ्यायला वळली, थांबली, मागे फिरली. तो लांबुडका पुन्हा काढून तिनं तळहातावर टोचून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा काहीच टोचेना. तिनं तो त्रिकोणांत ठेवला.

शेवटचा चौकोन तिरका पडला होता, कोपऱ्यावर उभा राहिल्यासारखा. समोरच्या रांगेतली एक बाई जाणकारपणे म्हणाली, "ती शंकरपाळी हाय." शिवलीलानं तो उचलला, सरळ केला, चौकोनांत टाकला आणि फ्रॉकला हात पुसले.

"बाई, तुम्ही बघून सांगा," वस्ताद तेजस्वीला म्हणाले. तिनं तिन्ही टोपल्या सतरंजीवर वेगवेगळ्या ओतल्या, म्हणजे सगळ्यांना दिसावं. एकही चूक नव्हती.

वस्तादांनी शिवलीलाचा हात धरून वर केला. हलगीवाला सुटल्यासारखा तुटून पडला. वीरेश उठले नाहीत, तिथंच बसून गालावरून पालथा हात फिरवत राहिले.

सरांना सावरायला फार वेळ लागला नाही. गाड्या विकणाऱ्या माणसाला विक्री कुठे आहे, याचा वास येतोच. त्यांनी शिवलीलाला फेटा बांधला, गदा दिली, तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतले आणि माईक हातात घेतला. "पालक हो, हीच ती आपली सुवर्ण पद्धत! पुढच्या वर्षापासून सगळ्या मुलांना सोनेरी ठोकळे. आणि मी जाहीर करतो, की आपली शिवलीला पुढच्या वर्षीही लहान गटातच राहील आणि डबल आकार केसरी होईल! शाळेचं नाव..."

टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या. तेजस्वीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. हरली असती तर मठ्ठ म्हणून खाली, जिंकली तर पैलवान म्हणून खाली.

"सर," ती पुढे होऊन म्हणाली, मोठ्यानं, म्हणजे माईकमध्ये जावं. "मैदान मारलं तर वर घालतो, असा शब्द दिला होतात तुम्ही. केबिनमध्ये."

"मॅडम, आता परिस्थिती..."

"शब्द दिलावतास व्हय रे?" वस्तादांनी विचारलं.

वीरेश आता उठून उभे राहिले होते. "सर, गदा तुमच्याकडं ठेवा, फेटा ठेवा, तो फोटो पण लावा भिंतीवर. पोरगी तेवढी वर जाऊ दे. न्हाईतर दाखला द्या, ह्याच माणसांसमोर."

एवढ्या माणसांसमोर केसरीचा दाखला देणं सरांना परवडणारं नव्हतं. ते हसले, दाढ दिसली. "म्हणजे काय! वर जाणारच की! मी तेच सांगणार होतो."

जूनमध्ये शिवलीला वरच्या मजल्यावर गेली. पृथ्वीराजांनी मात्र सम्राटला खालीच ठेवायला लावलं. डबल केसरीची जागा आता मोकळी होती, आणि पोरगं सोनेरी ठोकळ्यांवर तयार करून घ्या, असा त्यांचा आग्रह होता. तेजस्वीला एम.एस्सी.ची जागा मिळाली होती, पण वर्ग ऑगस्टपर्यंत सुरू होणार नव्हते. पहिल्याच दिवशी तिनं सम्राटला एका कोपऱ्यात घेतलं, डोळे मिटायला सांगितले आणि त्याच्या तळहातावर ठोकळ्याची टोकं एकेक करून टेकवली.

"कितीदा टोचलं?"

तो बराच वेळ विचार करत राहिला. या पोराला विचार करताना ती पहिल्यांदाच बघत होती.

"तीनदा," तो म्हणाला. "त्रिकोण हाय."

"शाब्बास."

सम्राटनं डोळे उघडले आणि कोपऱ्यात इकडे तिकडे पाहिलं. तिथं त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं.

"टीचर," त्यानं विचारलं, "मग हरलं कोण?"