सरांच्या सहीचं पत्र

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. इतकी वर्षं एकाच टेबलावर काढली की माणसाचं नाव मागे पडतं आणि नातं उरतं. उंदरांच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवायच्या आणि पंजा उचलण्याआधी मेंदू काय पुटपुटतो ते ऐकायचं, हे तिचं काम. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत याच तारांनी लुळ्या पडलेल्या माणसांना कप धरायला शिकवत होते. तिथे पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, एक जागा निघाली. अट एकच जाचक होती, पीएच.डी. होऊन चार वर्षं उलटलेली नसावीत. ताईची मार्चमध्ये उलटणार होती.

मार्गदर्शकांचं शिफारसपत्र हवं होतं.

"तूच लिहून आण, मी सही करतो," सर म्हणाले. "तुला तुझ्याइतकं कोण ओळखतं?"

ताईने 'असामान्य बुद्धिमत्ता' असं लिहिलं आणि लाजून खोडलं. स्वतःच्या पाठीवर शाबासकी द्यायला हात पुरेना. शेजारच्या टेबलावरचा वकील (कायद्याशी संबंध नाही, तोंड तसं होतं) त्याच जागेसाठी आपलं पत्र टाइप करत होता.

"ऐक ताई. 'गेल्या तीस वर्षांत मी असा विद्यार्थी पाहिलेला नाही.'"

"अरे, सरांना शिकवायला लागून बावीस वर्षं झालीत."

"मग आधीची आठ वर्षं वाट बघत होते म्हणायचं."

घरी फोन केला तर आई म्हणाली, "आपलं कौतुक आपण करू नये गं, लोक हसतात. खरं तेवढं लिही."

ताईने खरं तेवढं लिहिलं. मेहनती. वक्तशीर. दिलेलं काम पूर्ण करते. उंदीर काळजीपूर्वक हाताळते. सरांनी दोन्ही पत्रांवर जिन्यातच, एका पायरीवर उभं राहून सह्या ठोकल्या.

जागा वकिलाला मिळाली.

ताईने धीर करून निवड समितीला कारण विचारलं. उत्तर सभ्य होतं. काम उत्तम आहे, पण आपल्या मार्गदर्शकांचंच आपल्याविषयीचं मत बेताचं दिसलं.

ते उत्तर आणि पत्राची प्रत घेऊन ती सरांकडे गेली. सरांनी चष्मा लावून पत्र वाचलं. पहिल्यांदाच.

"बरोबर आहे की," ते म्हणाले.

"सर, पण हे मीच लिहिलं होतं..."

"सही माझी आहे ना?" त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि तिच्याकडे जरा हळहळून पाहिलं. "खरं सांगू? मी तुला उगाच फार हुशार समजत होतो. कागदावर आलं की माणूस कसा स्वच्छ दिसतो."

ताईने पत्र परत घ्यायला हात पुढे केला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या प्राणिघराला देखरेखीसाठी असंच माणूस हवंय. मेहनती, वक्तशीर, उंदरांची सवय असलेलं. मार्चनंतर तू मोकळीच आहेस. पत्र तयारच आहे, तारीख तेवढी बदलून आण."

टेबलावर येऊन ताईने ते पत्र उघडलं. 'मेहनती'च्या आधी 'अत्यंत' घालावं का, याचा बराच वेळ विचार केला. मग तारीख तेवढी बदलली.