तीन बोटं

मी व्यसनमुक्तीवर चांगलं बोलतो, असं आमच्या केंद्रातल्या शाळांचे सगळे मास्तर म्हणतात. खोटं नाही ते. शाळेच्या भिंतीवर तंबाखूमुक्तीचा फलक रंगवून घेतला तो मी, गांधी जयंतीच्या फेरीत सगळ्यात मोठ्याने घोषणा देतो तो मी, आणि सत्तावीस वर्षं खिशात गुटख्याची पुडी बाळगतो तोही मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मराठीच्या बाई ही म्हण शिकवताना माझ्या वर्गाकडे बघत असतील तर त्यात त्यांची चूक नाही.

मी वैजनाथ. रेणापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या लिंबाखाली जायचं, पुडी तोंडात रिकामी करायची, घंटा व्हायच्या आत हापशावर चूळ भरायची आणि वर एक वेलदोडा चघळायचा. कुणाला काही कळत नाही अशी माझी समजूत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत.

तीन वर्षांपासून माझं तोंड उघडायचं कमी होत चाललं होतं. तिखट लागलं की आतून आग व्हायची. डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टाही आला होता. आरशात तो दिसायचा म्हणून मी दाढी करताना डावीकडे बघायचं सोडून दिलं. विज्ञानाचा मास्तर मी, हे काय असू शकतं ते मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच कुणाला विचारत नव्हतो. बायकोलासुद्धा नाही.

त्या जुलैमध्ये मला किशोरवयीन मुलांच्या आरोग्याच्या प्रशिक्षणाला लातूरला पाठवलं. पाच दिवस होतं, चहा बरा होता. तिथून मी एक जाड पुस्तिका आणि निर्णय घेण्याच्या चार पायऱ्या घेऊन आलो. थांबा, पर्याय मांडा, विश्वासाच्या माणसाला विचारा, मग ठरवा. मला मनातून हसू येत होतं. तेरा वर्षांचं पोर कधी पायऱ्या मोजत निर्णय घेतं का? मी तर सत्तेचाळीस वर्षांत एकही घेतला नव्हता. लग्न आईने ठरवलं, नोकरी मामाने, आणि पुडी डी.एड.च्या वसतिगृहात खोलीतल्या मित्राने.

पण वरून पत्र आलं की शिकवावं लागतं. दर शनिवारी सातवीचा एक तास सुरू केला. मित्र म्हणाला भरल्या विहिरीत उडी मार, तर काय करशील? कुणी मोबाईलवर फोटो मागितला तर? मी पुस्तिकेतली उदाहरणं वाचायचो आणि पोरं फळ्यावर पर्याय लिहायची. मला वाटलं होतं कंटाळतील. उलट शनिवारी कुणी गैरहजर राहीना. आपल्याला कुणी काय ठरवायचं ते न सांगता काय काय ठरवता येईल ते विचारतंय, याचंच त्यांना अप्रूप असावं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दातांच्या डॉक्टर येऊन मुलांची तोंडं तपासणार होत्या. सकाळी त्यांचा फोन आला की गाडी बंद पडली. तुम्ही तीन बोटांची चाचणी तरी घ्या, सोपी आहे, म्हणाल्या. सोपी होतीच. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. निरोगी तोंडात तिन्ही जातात. सुपारी, गुटखा खाणाऱ्याचं तोंड आतून आखडत जातं, मग जात नाहीत. मी फळ्यावर चित्र काढलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

वर्गात अडतीस पोरं. अडतीस तोंडांत बोटं, हसणं, लाळ, एकमेकांच्या तोंडात डोकावणं. असा गोंधळ झाला की पलीकडच्या वर्गातून बाई येऊन बघून गेल्या. मग पहिल्या बाकावरचा सोमेश म्हणाला, "सर, बोटं उभी म्हणजे कशी? तुम्ही करून दाखवा की."

"चित्र बघ," मी म्हणालो.

"चित्रात कळंना गेलंय सर."

"माझं वय झालं आता. पोरांची चाचणी आहे ही." असं म्हणून मी हजेरीपट उघडला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात खिडकीजवळची शिवकन्या उठून उभी राहिली. शिवकन्या म्हणजे वर्गातली पहिली. नीटनेटकी, कमी बोलणारी, वही अशी की तपासताना लाल पेनाला काम नाही. शिवप्पा म्हणून एका शेतकऱ्याची थोरली पोर. ती म्हणाली, "सर, माझ्या तोंडात दोनच चाललेत."

वर्ग हसला. मला वाटलं, बोटं आडवी धरली असतील हिने. मी जवळ गेलो. तिने पुन्हा करून दाखवलं. दोन बोटं गेली, तिसरं दातांवर अडलं. डोळ्यांत पाणी आलं तरी ती ते रेटत होती. मीच तिचा हात खाली घेतला.

"सुपारी खातेस?" मी हळू विचारलं, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "हाव सर. पाचवीपासून. दुकानात गोड सुपारीच्या पुड्या मिळतात ना, त्या. दप्तरात बी हायेत."

आता कुणी हसलं नाही. मी खालच्या आवाजात म्हणालो, "अगं, हे तू मला तासानंतर एकटीने येऊन सांगायचंस. सगळ्यांपुढं कशाला?"

"तासानंतर मी सांगितलं नसतं सर," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. आता उभी राहिले म्हणून सांगून टाकलं. तुम्हीच शिकवलं ना, विश्वासाच्या माणसाला विचारा म्हणून. तर विचारायलेय. हे बरं होतंय का सर?"

गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत घराघरात जाणार, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? पहिला नंबर, नीटनेटकी वही, सगळं पणाला लावून ती उभी होती आणि माझ्या तोंडाकडे उत्तरासाठी बघत होती. मी थक्क झालो. जो प्रश्न तीन वर्षं माझ्या गालात होता आणि मी आरशालाही विचारला नव्हता, तो या पोरीने चार मिनिटांत सगळ्यांपुढे विचारला. इतकं धैर्य मी आयुष्यात जवळून पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होतं.

"आत्ता सोडलीस तर पुढे वाढत नाही," मी म्हणालो. "व्यायाम असतात, औषध असतं. तोंड थोडं मोकळंही होतं. पण पक्कं डॉक्टरच सांगतील."

ती खाली बसली नाही. विश्वासाचा माणूस म्हणून तिने मला निवडलं होतं आणि मी खिशात पुडी घेऊन तिला उत्तर देत होतो. मला माझीच लाज वाटली. ती लाज जायला एकच वाट दिसली. मी टेबलापाशी गेलो, वर्गाकडे तोंड केलं आणि तीन बोटं उभी धरली. एक गेलं. दुसरं अर्ध्यावर अडलं.

मला वाटलं होतं, पोरं हादरतील. सोमेश शांतपणे म्हणाला, "आम्हाला म्हाईत होतं सर. वेलदोड्याचा वास येतो."

आणि मग पोरांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. मला कुणी नावं ठेवली नाहीत, कुणी धीरही दिला नाही. एकाने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, "सरांपुढचे पर्याय." मी गेले दोन महिने शिकवत होतो तसंच, ओळीने. पहिला, सर आजपासून सोडतील आणि दवाखान्यात जातील. दुसरा, सर सोडणार नाहीत. यावर मागून कुणीतरी म्हणालं, "अजून एक हाय." तोही लिहिला गेला. तिसरा, सर सोडली म्हणून सांगतील पण सोडणार नाहीत.

मी तो तिसरा पर्याय वाचला आणि फळ्यावरून नजर वळवली. कारण मनातल्या मनात माझं तेच ठरत आलं होतं. पुस्तिका लिहिणाऱ्या विद्वानांना जे सुचलं नव्हतं ते या पोरांनी माझ्यासारख्यांकडे बघून शिकून घेतलं होतं. मी खिशातली पुडी टेबलावर ठेवली. शिवकन्येने दप्तरातल्या पुड्या काढून माझ्या पुडीशेजारी ठेवल्या. सोमवारी दवाखान्यात जायचं, दोघांनी मिळून, असं वर्गाने ठरवलं. आमचं मत कुणी विचारलं नाही.

शिवप्पाला मी घरी जाऊन सांगितलं. सोयाबीन काढणीला आलेलं, अंगणात तो विळ्यांना धार लावत होता. मला वाटलं होतं पोरीवर चिडेल, माझ्यावर तर नक्कीच. त्याने हातातला विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "आम्हाला काय कळतंय गुरुजी. तुमच्या भरवशावर सोडलेली पोर हाय. तुम्ही म्हणाल तिथं नेऊ." त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

सोमवारी आम्ही तिघं लातूरच्या दातांच्या दवाखान्यात गेलो. घरी मी मीटिंग आहे म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आधी शिवकन्येला तपासलं, पट्टीने तोंड मोजलं, गालांच्या आत बोट फिरवून बघितलं. "वेळेवर आलीस," त्या म्हणाल्या. "पण आजपासून एकही दाणा नाही. एक खाल्लास तरी मला तुझं तोंड सांगेल." औषध लिहून दिलं, व्यायाम दाखवला. शिवकन्येने तिथेच तो तीनदा करून बघितला.

मग मला तपासलं. माझ्या वेळी त्या कमी बोलल्या. चट्ट्याकडे दोनदा उजेड धरून बघितलं. "याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. आजच करू. दहा मिनिटांचं काम आहे."

"परीक्षा झाल्यावर येतो," मी म्हणालो. कसं तोंडून गेलं कळलं नाही. इतकं पटकन गेलं की जणू आधीच तयार होतं. त्या म्हणाल्या, बाहेर बसून विचार करा, अर्धा तास आहे.

बाहेर बाकावर शिवप्पा आणि शिवकन्या बसले होते. शिवकन्येने विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर, सर?"

काही नाही, गोळ्या दिल्यात, असं सांगता आलं असतं. शिवप्पाने मान डोलवली असती आणि आम्ही बसस्टँडकडे निघालो असतो. पण तिच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना. "तुकडा काढून तपासायचा म्हणतात. मी म्हणालो परीक्षेनंतर येतो."

"परीक्षा कधी हाय सर?"

"एप्रिलमध्ये."

"आता तर दसरा बी झाला न्हाई," ती म्हणाली. बोटांवर महिने मोजले. मग अगदी साध्या आवाजात, हिशेब जुळल्यासारखं म्हणाली, "बरं सर. मग मी बी एप्रिलपासून सोडते."

ती टोमणा मारत नव्हती. तिच्या डोळ्यांत मी नीट बघितलं, तिथे चेष्टेचा मागमूस नव्हता. ती घाबरलेली होती आणि तिला सूट मिळाली होती, इतकंच. तिने विश्वासाच्या माणसाला विचारलं होतं आणि त्या माणसाने एप्रिल सांगितला होता. आपण फळ्यावर काय लिहितो याने नाही, आपण अर्ध्या तासात काय करतो याने एका पोरीचं पुढचं सगळं ठरणार आहे, हे मला त्या बाकावर कळलं. भीती वाटली. आणि भीतीपेक्षा मोठं काहीतरी, ज्याला देवळात गेल्यावरही माझ्या मनात कधी जागा झाली नव्हती.

मी कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन लावला. "सिंधु, मी मीटिंगला नाही. लातूरच्या दातांच्या दवाखान्यात आहे. तोंडात चट्टा आहे, त्याचा तुकडा काढणार आहेत." बोलून मी थांबलो.

मग ती म्हणाली, "कितवा मजला?"

"दुसरा."

"मी निघाले. मी आल्याशिवाय घाबरू नका," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी परत बाकापाशी आलो. शिवकन्या उठून उभी राहिली. "सर, दुखतंय का तुकडा काढताना?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "बाहेर आल्यावर तुला खरं ते सांगतो."

आत गेलो, खुर्चीवर मागे टेकलो. डॉक्टरबाईंनी दिवा ओढून तोंडावर आणला आणि मी, जेवढं उघडत होतं तेवढं, तोंड उघडलं.