घट्ट व्हायच्या आत

सिग्नल पुन्हा हिरवा झाला, पण आमची रांग तसूभरही हलली नाही. माझ्या पाठीमागे मिक्सर गाडीचा ड्रम फिरत होता. त्यात एका बाल्कनीचं काँक्रीट होतं. वेळेत ओतलं तर तो माल, नाहीतर दगड. आणि तो दगड फोडायला ड्रममध्ये शिरायचं कोणी? ड्रायव्हरनेच.

ऊन रणरणत होतं. ड्रमची घरघर जड होत चालली, माल घट्ट व्हायला लागला होता. पुढचा कारवाला खाली उतरून फोनवर खिदळत होता. त्याच्या बापाचं काय जात होतं? मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि अडकल्यावर आम्ही सगळेच करतो तेच केलं. टाकीचा नळ सोडून मालात पाणी घातलं. काँक्रीट बनवून देणारे प्लांटवाले कानीकपाळी ओरडतात, पाणी घालू नका, मालाचा कस जातो. पण प्लांटवाल्यांना या रस्त्यात बसावं लागत नाही.

साइटवर पोचलो तर समोर मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, सेंट्रिंगचा मिस्त्री. स्लॅब तयार झाला की खालचे टेकू काढायला पहिला तोच शिरतो.

“काय दाजी, आज बैलगाडी जुंपली होती का? सोडा माल, वर सगळे खोळंबलेत.”

माझा हात लिव्हरवर गेला आणि तिथेच राहिला. त्या बाल्कनीला खाली खांब नव्हता, नुसती बाहेर काढलेली होती. उद्या काही झालं तर बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

“हा माल ओतू नका,” मी म्हणालो. “मी पाणी घातलंय.”

“हळू बोला!” त्याने मला खेचत तळमजल्याच्या सावलीत नेलं. “नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. टेकू तूच काढणार ना?”

त्याने माझा हात सोडला. “बाकीचे ड्रायव्हरही घालतात?”

“अडकले की सगळेच.”

त्याने मान वर केली. आमच्या डोक्यावर पहिला स्लॅब होता, परवाच टेकू काढून मोकळा केलेला.

“दाजी,” तो म्हणाला, “याचा मालही याच रस्त्याने आला होता.”

वर बघायचा मला धीर झाला नाही. मी त्याचा दंड धरला आणि त्याला उन्हात ओढलं. आत अजून माणसं काम करत होती.