टिकारामच्या गाडीचा दम

टिकारामच्या गाडीचं दुखणं मोठं लबाड होतं. मिस्त्रीसमोर ती अगदी गरीब गाय व्हायची. आंजीहून नाचणगावच्या गुलाब मिस्त्रीकडे तिला चार वेळा नेली, चारही वेळा सुतासारखी सरळ चालली. पण सवाऱ्या भरून वर्ध्याच्या उड्डाणपुलावर चढवली, की मध्येच धाप लागायची. मागून काळा धूर, आणि जितका पाय दाबावा तितकी ती मरायची. बंद करून पुन्हा सुरू केली, की झाली बरी. डिझेलचा फिल्टर बदलून झाला, टर्बोचे पाईप तपासून झाले. कॉम्प्युटर लावला, तर त्यात हवा कमी पडते एवढंच आलं, म्हणून सेन्सरही बदलला. तीन महिने हेच चाललं होतं.

मग ती दुपार आली. टिकारामची एकुलती एक लेक, दामिनी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा भलत्याच सुरू झाल्या, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, थांबू नका, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. टिकारामनं जीव खाऊन गाडी दामटली, आणि गाडी वाटेत पाच वेळा बैलबंडीच्या चालीवर आली. प्रत्येक वेळी बंद करायची, सुरू करायची, पुन्हा पाय दाबायचा. मागच्या सीटवर आईच्या, रामबाईच्या मांडीवर डोकं ठेवून दामिनी ओरडत होती, आणि नंतर ती ओरडेनाशी झाली. ती वाचली. मुलगा वाचला नाही. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर बोलून गेले. त्यांनी ते सहज म्हटलं असेल, पण टिकारामच्या डोक्यातून तो अर्धा तास काही केल्या जाईना.

याला बावीस दिवस झाले. दामिनी भिंतीकडे तोंड करून निजून असायची. गाडी विकून टाक, असं गावानं सांगून पाहिलं. टिकारामला ती विकायची नव्हती. त्याला कोणाची तरी गचांडी धरायची होती. भेसळीचं डिझेल देणारा, खोटा सेन्सर विकणारा, नाहीतर स्वतः गुलाब मिस्त्री, कोणीही चाललं असतं. खरं सांगायचं तर दोष आपलाच निघेल, या भीतीनं तो अर्धा झाला होता.

आज गुलाबनं गाडीत सिमेंटच्या दहा गोण्या टाकल्या आणि तो स्वतः शेजारी बसला.

"चढावर पाय पुरा दाबजा, टिकारामभाऊ," तो म्हणाला. "अन् मेली तरी बंद नका करू. आतापर्यंत आपण बंद करूनच पाह्यत होतो."

चढावर गाडी मेली. टिकारामनं ती कडेला घेतली, पण इंजिन चालू ठेवलं. गुलाबनं बॉनेट उघडलं, टिकारामला पाय दाबून धरायला सांगितलं आणि इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळीच्या तोंडाशी तळहात धरला.

"हवा ओढूनच नाई राह्यली," तो म्हणाला. "आता करा बंद."

इंजिन थांबलं आणि नळीत काहीतरी अलगद पडल्याचा आवाज आला. गुलाबनं नळी काढून उलटी केली. त्याच्या हातावर कापडाची एक पुरचुंडी पडली, तेलानं आणि धुळीनं काळवंडलेली. गाठीत चार तांदूळ होते, हळद होती.

"हे पाहा. हळू चालवली तं हे खाली पडून राह्यते. जोर देला का वर जाते अन् गळा बंद करते." त्यानं ती बोटात फिरवली. "म्हणजे त्या दिवशी तुमी जेवढी घाई केली…"

टिकाराम कापडाकडे पाहत होता. पिवळं, बारीक हिरव्या फुलांचं. ते लुगडं रामबाईनं सात वर्षं नेसलं होतं.

"कोणाले सांगू नोको," टिकाराम म्हणाला आणि त्यानं पुरचुंडी खिशात घातली.

घरी रामबाई अंगणातच उभी होती. "काही सापडलं का?"

"पाईप फाटला होता."

"अन् माही पुरचुंडी तं नाई काढली ना मिस्त्रीनं?" ती जवळ आली. "तुमाले सांगतलं नोतं मी. दामिनी आली त्याच दिवशी, तुमी बॉनेट उघडं ठेवून गेलते तवा ठेवलती, समोर ते तोंडावानी दिसते ना, तिथं. मातामायच्या देवळातले तांदूळ होते. तिच्यापायीच पोरगी तरी हाती लागली आपल्या. नाईतं ते बी गेली असती."

टिकारामची खिशातली मूठ आवळली. गुलाबला सोडून येताना सगळ्या वाटेनं त्यानं शब्द जुळवले होते, एकदा तर गाडीत एकटाच ओरडलाही होता. आता रामबाईच्या चेहऱ्याकडे पाहताना त्याला एवढंच दिसलं, की हे सांगितलं तर घरात दोघी भिंतीकडे तोंड करून निजतील. आणि सांगितलं नाही, तर हे ओझं मरेपर्यंत त्याच्या एकट्याचं.

"नाई काढली," तो म्हणाला.

"बरं केलं. परवा पोरीले सासरी पोचवाचं आहे. म्हून हे दुसरी बांधली, ते जुनी झाली असंल. तुमीच ठेवा, मागच्या टायमाले माहा हात कसाबसा पुरला."

पुरचुंडी त्याच लुगड्याची होती. टिकारामनं बॉनेट उघडलं. रामबाई डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून शेजारी उभी राहिली, आणि तो नळीत हात घालून बाहेर काढीपर्यंत तिनं नजर हलवली नाही.

परवा गावाबाहेर पडल्यावर गाडी थांबवून ती काढता येईल, असा विचार त्यानं केला. नाहीच काढता आली, तरी गाडी हळू चालवली की झालं. आता घाई कशाचीच नव्हती.