बँकॉकच्या पिंपळावर टांगलेली पिशवी

मित्रांनो, मी ताडपत्रीची एक जुनी, पाठीवर घ्यायची पिशवी आहे आणि जन्मापासून भित्री आहे. खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर जी ताडपत्री टाकत, तिच्या उरलेल्या तुकड्यातून एका शिंप्यानं मला शिवलं. सुई पहिल्यांदा आरपार गेली तेव्हाच मी दचकले होते. त्यानं मला दोन जाड पट्टे लावले आणि म्हणाला, “ही काही फाटत नाही.” कौतुक म्हणून मला तेवढंच मिळालं.

मला घेतलं अमडापूरच्या निवृत्तीनं. तो भाजीपाला पिकवायचा आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त कचरूही तेच करायचा. महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती. तालुक्यातल्या शेतकरी मंडळानं या दोघांना बँकॉकला धाडलं, तिथले लोक कालव्यांच्या काठी भाजी कशी लावतात ते बघायला. मी निवृत्तीच्या पाठीवर होते. विमान वर उठलं तेव्हा माझ्या शिवणी ताणल्या गेल्या, खोटं कशाला सांगू.

सहा दिवस मळे बघण्यात गेले. शेवटचा दिवस मोकळा मिळाला, म्हणून दोघं पायी शहर बघायला निघाले. निवृत्तीचा पासपोर्ट त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात होता. कचरूचा खिसा फाटका, म्हणून त्याचा पासपोर्ट आणि तिकीट माझ्या पोटात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान होतं. घरी कचरूच्या रुख्मिणीला नववा महिना लागला होता.

दोघं एका देवळात शिरले. अंगणात एक मोठा पिंपळ होता आणि त्याच्या बुंध्याला रंगीत कापडं गुंडाळलेली होती. आता बघा, आमच्याकडे शेतात गेलं की भाकरीचं फडकं आधी बांधावरच्या निंबाला टांगतात. मुंग्या लागत नाहीत, कुत्रं पोचत नाही, आणि दुसऱ्याच्या भाकरीला कुणी हात लावत नाही. हाताची सवयच ती. दोघांनी चपला काढून हातात घेतल्या, निवृत्तीनं मला पिंपळाच्या तुटक्या फांदीच्या खुंटाला टांगलं आणि दोघं आत गेले. ते भलत्याच दारानं बाहेर पडले आणि बाजारात गेले. मी तिथंच राहिले.

किती घाबरले म्हणून सांगू! एका माणसानं येऊन माझं पोट चाचपलं. अंगण झाडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं त्याच्यावर झाडू उगारला तेव्हा तो गेला. मग कुणी एका बाईनं झाडाला पिवळं कापड गुंडाळलं, ते माझ्यावरूनच. मला दिसेना. मी आता कुणालाच सापडणार नाही, असं मला वाटलं.

दुपार कलल्यावर ओळखीचे आवाज आले. तीन देवळं हुडकून ते दोघं याच झाडाखाली उभे होते, आणि वर मी कापडाखाली! मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

“निवृत्ती, तू सकाळी चालला जाय,” कचरू म्हणाला. “रुख्मिणीले सांगजो, मी मागून येतो.”

“अन् तुले इथं सोडून जाऊ? काऊन बे?”

“दोघं अडकून काय फायदा? तुह्याजवळ कागद हाय.”

कापडाच्या फटीतून मला निवृत्तीचा हात तेवढा दिसला. तो बंडीच्या खिशावर होता आणि बराच वेळ तिथंच होता. मित्रांनो, हा कचरूला सोडून एकटाच जातो की काय, म्हणून त्या वेळी मला चोरापेक्षा निवृत्तीचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात ती झाडूवाली म्हातारी आली. कचरूनं पाठीवर पिशवी अडकवल्याची खूण केली. तिनं ओळखलं, पिवळं कापड बाजूला सारून मला खाली काढलं, आणि दोघांना असं झापलं की बस. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण शिव्या कळल्या. कचरूनं तिचे पाय धरले.

निवृत्तीनं मला उघडलं, कचरूचा पासपोर्ट बघितला, आणि मग कचरूच्या तोंडाकडे बघितलं. मग खिशातून आपला काढला आणि त्याच्याशेजारी ठेवला.

“हे काय करतं?” कचरूनं विचारलं.

“आता हरपलं तं दोघाईचंबी हरपन,” निवृत्ती मान खाली घालून म्हणाला.

विमानतळापर्यंत त्यांनी माझा एकेक पट्टा धरून मला मधोमध नेलं. दोघांचा जीव माझ्या पोटात होता. रुख्मिणी बाळंत झाली तेव्हा मात्र कचरू दारात उभा होता.

आता मी गुरांच्या कोठ्यात पडून असते. उंदरांनी एक कोपरा कुरतडला, कुणी बघत नाही. मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं झालं आता. पण कुणाचं काही तुमच्या हातात असेल, तर हात मोकळा करण्याआधी त्या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघा. निवृत्तीनं ते फार उशिरा बघितलं, आणि त्याला अजून त्याची लाज वाटते.