पोस्टरवरची पट्टी

पिंपळे सौदागरमधल्या बावीस सोसायट्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, यावर आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. आपल्या शहराचं नाव निघालं की बाहेरच्यांना कंपन्या आणि ट्रॅफिक एवढंच आठवतं. ते बदलायला सगळ्यांनी मिळून एकच पोस्टर काढायचं ठरलं. निवृत्त शिक्षिका सुमनताईंनी अट घातली होती, पोस्टरवर ना सोसायटीचं नाव, ना कुणा माणसाचं.

त्यावरची ओळ मात्र निवडली गेली निवेदिताच्या समोरच्या फ्लॅटमधल्या ऋचाची. ‘हे शहर आमच्या हातचं!’ वर फोटो शालनबाईंचा, रोज सकाळी सोसायटीचा कचरा वेगळा करणाऱ्या.

निवेदिताला ते झोंबलं. लेक होण्याआधी ती जाहिरात कंपनीत होती. तापाने फणफणलेल्या पोरीला मांडीवर घेऊन तिने या पोस्टरसाठी अकरा ओळी लिहिल्या होत्या. अलीकडे तिला ऋचाचं सगळंच खुपायचं. ऋचाची नोकरी चालू, ऋचाची मुलगी आधी बोलायला लागली, आणि आता ही ओळही तिचीच. आपण मात्र तीन वर्षांत नुसत्या ‘पिल्लूच्या मम्मी’ होऊन बसलो!

शनिवारी दुपारी लेक झोपल्यावर तिने पोस्टरवर एक रुंद पट्टी चिकटवली. त्यात सोसायटीचं नाव, खाली ‘संकल्पना साहाय्य : निवेदिता’. पाठवून दिलं बावीस सोसायट्यांच्या ग्रुपवर. अंगठेच अंगठे आले. ते पाहून शेजारच्या सोसायटीने चेअरमनचा फोटो डकवला, पुढचीने अख्खी कमिटी. रविवारपर्यंत एका पोस्टरची चौदा पोस्टरं झाली. सुमनताईंनी मोहीम थांबवल्याचं कळवलं.

सोमवारी शालनबाईंनी निवेदिताला गेटवर गाठलं. हातमोजा काढून मोबाइल पुढे धरला.

“ताई, ह्याच्यात मी कुठं हाय वो? लेकीला परभणीला धाडायचाय. सासरची म्हंत्यात, तुझी माय कचऱ्यात हात घालती. म्हनलं, बघा म्हनावं, शहरानं तिचा फोटू लावलाय.”

निवेदिताने पाहिलं. चेहरा होता त्याच जागी तिची पट्टी होती. तिला शालनबाईंकडे मान वर करून बघवेना.

ती तशीच सुमनताईंकडे गेली आणि सगळं कबूल केलं. सुमनताई रागावल्या नाहीत.

“ऋचाचा हेवा वाटला, त्यात काय मोठंसं? मलाही चाळीस वर्षं कुणाकुणाचा वाटत आला. पण तुझा हेवा ऋचाला लागलाच नाही गं. तो लागला शालनबाईंना. आपल्याकडे प्रत्येक चांगल्या कामाचं असंच होतं, नावं लिहिता लिहिता कामच झाकून जातं.”

निवेदिताने ऋचाची बेल वाजवली. तिच्याकडचं मूळ पोस्टर मागून घेतलं. मग ते बावीसही सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकून लिहिलं, ‘पहिली पट्टी मी लावली. चूक माझी. कृपया हेच पाठवा, काहीही न जोडता.’ या वेळी अंगठे कमी आले. पण पट्ट्या एकेक करून उतरल्या, आणि पहिलं बिनपट्टीचं पोस्टर निवेदिताने स्वतः शालनबाईंच्या लेकीला धाडलं.

ऋचाबद्दलची सल काही एका दिवसात गेली नाही. तरी निवेदिता एक गोष्ट शिकली, आणि ती तुम्हा-आम्हा सगळ्यांनीच शिकायला हवी. शहराचं नाव सगळ्यांनी मिळून मोठं करायचं असतं. त्यात आपलं नाव लिहायला जागा शोधण्याआधी तिथे कुणाचा चेहरा आहे, एवढं तरी पाहावं.